वरची विहीर, खालची विहीर

थोरलीचा स्वभाव काही वाईट नव्हता. दुसऱ्याचं बरं झालेलं तिला बघवत नसे, एवढंच. आणि दुसरं म्हणजे तरी कोण? सगळं जग नव्हे. एक धाकटी जाऊ. बाकी जगाची घरं सोन्याची झाली असती तरी थोरलीची काही हरकत नव्हती.

वाटणी झाली तेव्हा वरचा तुकडा थोरलीनेच मागून घेतला होता. खालचा तुकडा ओढ्याला लागून. एका वर्षी ओढ्याला पाणी आलं आणि खालच्या रानातली माती, बांध, कडब्याची गंजी सगळं घेऊन गेलं. ते बघून थोरलीने नवऱ्याला कोपराने ढोसलं होतं, "वरचं मागा. उंचावरचं." थोरला मुळातच मान हलवणारा माणूस. त्याने वरचं मागितलं. धाकटा ट्रक चालवायचा, महिन्यातले मोजके दिवस घरी असायचा. तो म्हणाला, "दादाला जे पाहिजे ते घेऊ दे." धाकटी काहीच बोलली नाही. ती कधीच काही बोलत नसे आणि थोरलीला तिचं हेच सगळ्यात जास्त खुपायचं. भांडणारी बाई परवडली. गप्प बसणारीच्या पोटात काय आहे ते कळत नाही.

पुढे ओढ्याला तसं पाणी पुन्हा आलंच नाही. उलट पावसानेच पाठ फिरवली. वरच्या विहिरीत बघायचं तर कठड्यावर पोट टेकून वाकावं लागे, आणि तरी तळाशी काळा ठिपका दिसायचा. खालच्या विहिरीतलं पाणी मात्र उभ्या उभ्या दिसे. धाकटीच्या टोमॅटोच्या पट्ट्याला पाणी चाललं की थोरली वरून बघत राहायची. "आमच्या उरावर बसून पाणी पिते," ती म्हणायची.

थोरला म्हणायचा, "अगं, ती खाली आहे. उरावर कशी बसेल?"

"तुम्ही गप्प बसा."

थोरलीचा सगळा जीव अडकला होता तो लिंबाच्या बागेत. रोपं तिने स्वतः लावली होती. आळी केली, शेणखत टोपलीने वाहिलं, खोडाला चुना लावला, पानं गुंडाळणाऱ्या अळ्या बोटांनी चिरडल्या. हातावर काट्यांचे ओरखडे असे, की कुणी मांजर पाळलंय असं वाटावं. यंदा बागेला पहिल्यांदा भरपूर फळ धरलं होतं. एवढा उन्हाळा निघाला की बाग मार्गी लागली. नाही निघाला तर मुळासकट सरपण. झाड एकदा वाळलं की त्याला मागून टँकरने आंघोळ घातली तरी ते परत येत नाही.

त्यात ती मोजणी आली.

जमिनीखालच्या पाण्याची मोजणी करणाऱ्या खात्याच्या एक मॅडम होत्या. आसपासच्या गावांतल्या ठरावीक विहिरी त्यांनी निवडल्या होत्या, आणि त्यांतलं पाणी दर आठवड्याला मोजून त्याचे नकाशे करायचं त्यांचं काम तीन वर्षांपासून चाललं होतं. वरची आणि खालची, दोन्ही विहिरी त्यात होत्या. आधी खात्याचा माणूस येऊन मोजायचा; यंदापासून मोजायला गावातलंच कुणीतरी हवं होतं, आणि निवड झाली धाकटीची. का, तर तिचं अक्षर बरं आणि ती वेळेवर येते. तिला एक टोपी मिळाली, पायात घालायला बूट मिळाले, आणि एक चक्री मिळाली. चक्रीला लांब फीत, फितीच्या टोकाला पितळी वजन. ते पाण्याला टेकलं की चक्री 'टीं' करून वाजायची. लोक तिला मीटरबाई म्हणू लागले. ज्या घरांत थोरलीला उंबऱ्यावरूनच "काय काम काढलंत?" असं विचारत, त्या घरांत धाकटीला खुर्ची मिळू लागली.

"डोक्यावर टोपी काय, पायात बूट काय," थोरली म्हणाली. "विहीर मोजायला चाललीय की लढाईला?"

त्यातून वर हुकूम. मोजणीच्या आदल्या रात्री मोटर लावायची नाही, विहीर निवांत राहू द्यायची, नाहीतर आकडा चुकतो. इकडे झाडांची पानं दुपारी कागदासारखी वळत होती आणि धाकटी येऊन सांगणार, आज मोटर बंद ठेवा.

"आणि तुझी मोटर?" थोरलीने विचारलं.

"माझीही बंदच असते, ताई."

"कोण बघायला येतंय!"

कठड्यावरच्या लाल खुणेवर धाकटीने चक्री टेकवली आणि फीत सोडत राहिली. थोरली खुरपं हातात घेऊन बाजूला उभी होती. फीत गेली, गेली, गेली आणि मग खालून बारीकसा आवाज आला.

"चौदा," धाकटी म्हणाली. "चौदाला टेकलं."

"आणि तुझ्या विहिरीचं?"

"सहा. सकाळीच मोजलं."

थोरलीने आकडे मनात घोळवले. चौदा आणि सहा. तिचा चेहरा असा काही उजळला की धाकटीला नवल वाटलं. "चहा घेऊन जा," थोरली म्हणाली. चहा! वाटणी झाल्यापासून हा शब्द त्या अंगणात ऐकू आला नव्हता. धाकटीने उभ्या उभ्याच चहा घेतला आणि ती बिचारी खुशीत गेली.

दुसऱ्या दिवशी थोरली गिरणीत दळण घेऊन गेली. गिरणीत ही गर्दी. पट्ट्याचा खडखडाट, पिठाचा धुरळा, सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या. कुणीतरी पाण्याचा विषय काढला आणि थोरलीला तेवढंच हवं होतं.

"लोक म्हणतात खालच्या विहिरीला पाणी आहे," ती पट्ट्याच्या वरताण आवाज काढून म्हणाली. "डोळ्यांना दिसतं ते सगळं खरं नसतं. यंत्राने मोजलंय. आमचं चौदा, तिचं सहा! दुपटीहून जास्त. आणि टोपी घालून मिरवते कोण? ती."

गिरणीवाल्याने नेमकी तेव्हाच गिरणी थांबवली. शेवटचे शब्द त्या शांततेत मोकळे पडले.

"वहिनी," गिरणीवाला म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता, पण हसू आवरणं त्याला जमत नसे. "चौदा म्हणजे पाणी चौदा मीटर खाली गेलंय. आकडा मोठा तितकी घागर रिकामी. परीक्षेचे गुण नव्हेत ते!"

आधी एक बाई हसली. मग सगळीच गिरणी हसली. पिठाने भरलेली तोंडं उघडून माणसं हसत होती. थोरलीने दळण उचललं. डबा नीट बंद झाला नव्हता, दारापर्यंत पिठाची रेघ पडत गेली आणि मागून कुणीतरी म्हणालं, "वहिनी, चौदा मीटर सांडलं!"

घरी आली ती तणतणतच. "तिने मुद्दाम सांगितलं नाही! माझ्या हातचा चहा प्याली, गालात हसली आणि गेली. माझं हसं व्हावं म्हणून!"

"तिला काय ठाऊक तुला कळलं नाही ते?" थोरला म्हणाला.

"मला कळलं नाही? मला?"

थोरल्याने बैलांना वैरण टाकायची आहे असं सांगितलं आणि तो बाहेर गेला. वैरण त्याने मघाशीच टाकली होती.

त्या दिवसापासून थोरलीने एकच धोशा लावला. विहीर खोल करायची. आणि नुसती खोल नाही. तळाशी आडवं बोअर मारायचं. विहिरीत यंत्र सोडून भिंतीतून सरळ आडवं भोक पाडत नेतात, वाटेत एखादी भेग लागली की तिच्यातलं पाणी विहिरीत येतं. थोरल्याने होय-नाही केलं, शेवटी नेहमीप्रमाणे होय केलं. क्रेन आली. मुरमाच्या बादल्या वर येऊ लागल्या. दिवसभर मोटारीची घरघर, साखळीचा करकराट, आणि खालून वर येणारी माणसं ओळखू येणार नाहीत इतकी मळलेली. थोरली त्यांना पाणी द्यायची, भाकरी द्यायची, आणि पुन्हा कठड्याशी येऊन उभी राहायची.

तळ मनाजोगा खाली गेला तेव्हा बोअरवाल्याने विचारलं, "आडवं कुठल्या अंगाला मारू?"

थोरला डोकं खाजवत चारी दिशांना बघू लागला.

"खालच्या," थोरली म्हणाली. "ओढ्याकडे. तो टोमॅटोचा पट्टा दिसतो ना, त्याच्या नाकासमोर."

बोअरवाल्याने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मग थोरल्याकडे पाहिलं. थोरला पायाने माती उकरत होता. यंत्र खाली सोडलं.

पाणी लागलं. भिंतीतल्या भोकातून मनगटाएवढी धार आली आणि थोरलीने वरून हात जोडले. बागेला पाणी बसलं. पानं सरळ झाली, वाळू लागलेली फळं पुन्हा टणक झाली. थोरली आळ्यांमधून फिरायची तेव्हा पायाला चिखल लागायचा आणि तो चिखल ती धूतही नसे.

पण तिचं खरं सुख मोजणीच्या दिवशी असायचं.

"तुझं किती आलं गं?" ती अगदी सहज विचारायची.

"सात."

पुढच्या वेळी, "साडेसात."

"अरे अरे," थोरली म्हणायची. "उन्हाळाच तसा आहे, बाई." आणि घरात जाऊन भांडी घासताना गुणगुणायची.

मात्र एक गोष्ट तिच्या ध्यानात यायला वेळ लागला. धाकटीचा आकडा जेवढा वाढे, तेवढाच तिचाही वाढे. चौदाचे पंधरा झाले, पंधराचे साडेपंधरा. मग आठ आणि सोळा. दोघींचं पाणी पाऊल जुळवून खाली चाललं होतं. मनगटाएवढी धार बोटाएवढी झाली. थोरलीने मोटर जास्त वेळ लावायला सुरुवात केली. धाकटीच्या टोमॅटोची पानं पिवळी पडू लागली, आणि आता इकडे लिंबाची फळंही पुन्हा मऊ लागत होती.

अशातच मॅडम नकाशे घेऊन आल्या. शाळेच्या ओसरीवर भिंतीला चिकटपट्टीने तीन मोठे कागद लावले. तीन उन्हाळ्यांचे तीन. थोरलीला जायचं नव्हतं, पण धाकटी तिथे टोपी घालून उभी असणार हे डोळ्यांआड होऊ देणं तिला जमलं नाही. ती गेली आणि पुढेच बसली. थोरला तिच्या शेजारी.

नकाशावर निळा रंग होता, कुठे गडद, कुठे फिका. त्यावर रेघा होत्या आणि रेघांवर ठिपके. एकेक ठिपका म्हणजे एकेक विहीर. पहिल्या कागदापासून तिसऱ्यापर्यंत निळा रंग फिका होत गेला होता, धुवून धुवून कापड विटावं तसा.

"आमची कुठली?" थोरलीने विचारलं.

मॅडमनी बोट ठेवलं. "ही वरची. आणि ही खालची."

दोन्ही ठिपके एकाच रेघेवर होते.

"काहीतरी चुकलंय," थोरली म्हणाली. "आमचं सोळा आहे आणि तिचं आठ. एका रेघेवर कसे?"

गिरणीवाला मागे बसला होता. थोरलीची मान ताठ झाली, पण यावेळी कुणी हसलं नाही. मॅडम म्हणाल्या, "बरोबर विचारलंत. तुमचा कठडा तिच्या कठड्यापेक्षा आठ मीटर उंच आहे. तुम्ही माळावर उभ्या आहात, त्या खळग्यात. म्हणून तुम्हाला पाणी लांब दिसतं आणि त्यांना जवळ दिसतं. खाली पाणी एकच आहे, एकाच पातळीला. रेघ म्हणजे तेच."

"म्हणजे तिचं पाणी माझ्यापेक्षा वर नाही?"

"बोटभरसुद्धा नाही."

इतकी वर्षं थोरलीने वरून खाली बघून पोट जाळून घेतलं होतं, आणि ते फुकट गेलं होतं. कुणाला वाटेल, तिला बरं वाटलं असेल. छे! तिला फसवल्यासारखं वाटलं. हेवा करायला काही नव्हतंच, मग आपण इतके दिवस केलं काय?

"पण हे बघा," मॅडमनी तिसऱ्या कागदावर बोट फिरवलं. दोन्ही ठिपक्यांभोवती रेघा वाकल्या होत्या, बशीत बशी ठेवल्यासारख्या. "यंदा इथेच पाणी एवढं खाली का गेलं? आजूबाजूला असं नाही. इथे कुणी विहीर खोल केलीय का?"

थोरला खाकरला. थोरलीने त्याच्या पायावर पाय दिला. गावाला सगळं ठाऊक होतं, क्रेन काय रुमालाखाली लपते? पण सगळे धाकटीकडे बघत होते. मोजणी तिची, नुकसान तिचं. बोलायचं तर तिनेच.

धाकटी चक्रीची फीत गुंडाळत होती. "यंदा ऊन फार होतं, मॅडम," ती म्हणाली.

मॅडमनी वाकलेल्या रेघांवरून बोट काढलं. मग म्हणाल्या, "असा उपसा चालू राहिला तर पाऊस यायच्या आत दोन्ही विहिरी कोरड्या. दोन्हीकडचा उपसा निम्मा केला तर कदाचित निभावेल. एकीने करून उपयोग नाही."

परतताना वाट एकच. थोरला मुद्दाम मागे रेंगाळला. दोघी जावा पुढे. बराच वेळ नुसती बुटांची आणि चपलांची धूळ उडत होती.

"सांगितलं का नाहीस?" शेवटी थोरलीच म्हणाली.

"काय सांगायचं होतं, ताई?"

"आडव्या बोअरचं."

"ते होय," धाकटी म्हणाली. "तुमचं यंत्र चालू होतं तेव्हा मी खाली विहिरीत उतरले होते, मोटरचा पाइप बघायला. भिंतीला हात लावला तर भिंत थरथरत होती. तेव्हाच कळलं कुठल्या अंगाला मारताय ते."

"मग वर येऊन भांडायचं होतंस! चार शिव्या द्यायच्या होत्यास!"

"बाग तुम्ही लावताना पाहिलीय मी. लेकरासारखी वाढवलीत."

थोरलीच्या अंगाची लाहीलाही झाली. ही बाई शिवी देईल तर बरं, असं तिला मनापासून वाटलं. शिवीला शिवी देता येते. याला काय द्यायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी खालची मोटर वाजली नाही. थोरलीने दात घासताना कान दिला, चूल पेटवताना कान दिला. उन्हं वर आली तरी आवाज नाही. "जळली वाटतं," ती म्हणाली आणि थोरल्याला बघायला पाठवलं. तो गेला आणि परत आला तो जड पावलांनी.

"जळली नाही. तिनेच बंद केलीय. टोमॅटोला पाणी देणारच नाही म्हणते. घरापुरत्या दोन घागरी काढेन, बाकी राहू दे. टोमॅटो पुन्हा लावता येतात म्हणते, झाडं लावता येत नाहीत."

थोरली हातातलं भांडं धरून तशीच उभी राहिली.

"चांगलं आहे की," थोरला घाबरत म्हणाला. "तिचं निम्मं आणि आपलं निम्मं, ते एकट्या तिच्यातूनच सुटलं. बाग वाचली आपली."

"वाचली?" थोरली कडाडली. "तिच्या पाण्यावर? उद्या गावभर होईल, थोरलीची बाग धाकटीने जगवली!"

"ती कुठे कुणाला सांगते काही?"

"तेच तर! ती सांगणार नाही. लोकच सांगतील. आणि ती टोपी घालून खाली मान घालून उभी राहील! मी एकेक लिंबू तोडताना तिचं तोंड बघायचं का? पाण्यात हार खाल्ली असती मी. पण चांगुलपणातही हीच पुढे?"

तिने भांडं ठेवलं, भिंतीवरची लांब करवत घेतली आणि ती बागेत गेली. थोरल्याला वाटलं, वाळक्या फांद्या छाटेल. तिने पहिल्या ओळीतलं पहिलं झाड धरलं, भरल्या फळांचं, आणि खोडाला करवत लावली.

"अगं ए! वेड लागलं का?"

"एक ओळ ठेवायची, एक काढायची," ती म्हणाली. "निम्मी झाडं, निम्मं पाणी. करवतीचं दुसरं टोक धरता का बघत बसता?"

थोरल्याने दुसरं टोक धरलं. ओल्या लाकडाचा आणि पानांचा आंबट वास सुटला. झाड पडताना लिंबं टपटप गळून आळ्यात गडगडत जायची. काटे तिच्या दंडात शिरत होते, ती काढत नव्हती. आणि ती रडत होती, हे कबूल करायला हवं. मोठ्याने, लाज न बाळगता, प्रत्येक झाडाला शिव्या देत, धाकटीला शिव्या देत, पावसाला शिव्या देत. दुपारपर्यंत निम्मी बाग आडवी झाली. थोरल्याच्या हाताला फोड आले. तो बांधावर बसून त्यांच्यावर फुंकर घालू लागला.

धाकटी धावत आली तेव्हा थोरली शेवटच्या खोडावर बसली होती. धाकटीच्या डोक्यावर टोपी नव्हती, पायात बूटही नव्हते. तिने आडवी झाडं पाहिली.

"ताई... हे काय केलंत? मी मोटर बंद केली होती ना!"

"लाव जा," थोरली म्हणाली. "माझी निम्मी गेली. आता तुझी निम्मी मोटर लाव. मला कुणाच्या उपकारात जगायचं नाही."

धाकटी खाली बसली. थोरलीचा दंड तिने हातात घेतला, काटे शोधून नखाने ओढून काढू लागली. थोरलीने हात मागे घेतला नाही. दुखलं की फक्त "हळू" म्हणायची.

"लावते," धाकटी काट्यावर नजर ठेवून म्हणाली. "निम्म्या टोमॅटोत सकाळीच गुरं सोडली. उरलेल्यापुरती लावते."

थोरलीचा हात ताठ झाला. लाल झालेले डोळे तिने धाकटीच्या तोंडावर रोखले.

"निम्म्यातच सोडलीस ना? माझ्यापेक्षा जास्त तर नाही घालवलंस?"

"नाही, ताई. निम्म्यातच."

"माझी शपथ घे."

"तुमची शपथ."

"मग ठीक आहे," थोरली म्हणाली, आणि तिने दुसरा हात पुढे केला.